चारा शेकड्याने नको, जातीने आणि काट्याने विका

कापडाच्या दुकानात जाऊन कोणी नुसते "कापड द्या" म्हणत नाही. सुती की टेरिकॉट, पन्हा किती, रंग पक्का की कच्चा, एवढे विचारल्याशिवाय गिऱ्हाईक खिशात हात घालीत नाही. लाकडाच्या वखारीत सागवान आणि आंबा एका भावाने कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. वैरणीच्या अड्ड्यावर मात्र आजही सौदा एकाच प्रश्नाने सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो: "शेकडा काय भाव?" पेंढी केवढी आहे, कशाची आहे, कोणत्या हंगामाची आहे, तिच्यात पाणी किती आणि पान किती, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. विचारले नाही म्हणून सांगणारा व्यापारी त्याहून विरळा.

हा विषय आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या रोजच्या रोजीरोटीचा आहे. कोणाचा म्हशींचा तबेला आहे, कोणी बकऱ्यांची खरेदी-विक्री करतो, कोणाकडे वरातीचे घोडे आहेत, कोणाची चाऱ्याची आडत आहे, तर कोणी कुट्टी यंत्राची पाती घडवून आणि धार लावून पोट भरतो. जनावरांच्या धंद्यात खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा खुराकावर जातो. त्या खुराकात दहा टक्के चूक झाली, तरी महिन्याचा नफा त्यातच जिरतो. तरीही जो माल आपण सर्वांत जास्त विकत घेतो, त्याचीच आपण सर्वांत कमी पारख करतो.

आमचे म्हणणे साधे आहे. वाळलेला चारा ही एक वस्तू नाही. ती निदान आठ-दहा वेगवेगळ्या वस्तूंची रास आहे आणि तिचा व्यवहार मालाची जात सांगून, काट्यावर तोलून झाला पाहिजे. यात गिऱ्हाइकाचा फायदा उघड आहे. ईमानदार व्यापाऱ्याचा फायदा त्याहून मोठा आहे, तो कसा हे पुढे पाहू.

एका नावाखाली तीन घराणी

वाळलेल्या चाऱ्याची ढोबळ तीन घराणी आहेत. पहिले घराणे तृणधान्यांच्या काडाचे: ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, मक्याचा कडबा, गव्हाचा भुसा आणि भाताचा पेंढा, ज्याला पूर्व विदर्भात तणस म्हणतात. दुसरे घराणे शेंगवर्गाचे: तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भुसकट आणि भुईमुगाचा पाला. यालाच विदर्भात कुटार आणि मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी गुळी म्हणतात. तिसरे घराणे हिरवे कापून मुद्दाम वाळवलेल्या चाऱ्याचे: डोंगरी गवत आणि लसूणघास.

या तिघांतला मोठा फरक प्रथिनांचा आहे. गव्हाच्या भुशात प्रथिने साधारण ३ ते ४ टक्के असतात. भाताच्या पेंढ्यात ३ ते ५, ज्वारीच्या चांगल्या पानेदार कडब्यात ४ ते ६. तूर-हरभऱ्याच्या भुसकटात ती ५ ते ८ टक्क्यांपर्यंत जातात. भुईमुगाच्या नीट वाळवलेल्या पाल्यात ८ ते १२ टक्के आणि फुलावर येताना कापून वाळवलेल्या लसूणघासात १५ ते २० टक्के प्रथिने मिळतात.

हे आकडे पुस्तकी वाटतील, पण गोठ्यात त्यांचा अर्थ रोख असतो. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात आणि चाऱ्यातला तंतू तेच फोडतात. एकूण खुराकात सुमारे ७ टक्के प्रथिने नसतील तर या जंतूंचेच पोट भरत नाही. मग चारा पोटात पडून राहतो, जनावर कमी खाते आणि अंग सोडते. "पोट तर भरलेले दिसते, पण जनावर अंग धरत नाही" ही तक्रार बहुधा येथून येते.

आता हिशेब करू. १०० किलो गव्हाच्या भुशात साडेतीन किलो प्रथिने धरली आणि १०० किलो भुईमुगाच्या पाल्यात १० किलो, तर फरक साडेसहा किलोंचा पडला. तो सरकीच्या पेंडीने भरून काढायचा म्हटला, तर २२ टक्के प्रथिनांची पेंड सुमारे ३० किलो लागेल. सरकी पेंडीचा आजचा भाव गोठ्यातल्या प्रत्येकाला पाठ असतो. त्या ३० किलोंचे पैसे भुशाच्या स्वस्ताईत मिळवून पाहा, म्हणजे स्वस्त काय आणि महाग काय ते आपोआप कळेल.

जातीजातीतला फरक

महाराष्ट्रात कडबा म्हटला की ज्वारीचा. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या भागांतल्या रब्बी मालदांडीचा कडबा अजूनही बाजारात मान राखून आहे, आणि तो उगीच नाही. रब्बीचे पीक कोरड्या हवेत पिकते, कापणीला पाऊस नसतो, ताट बारीक व गोडसर असते आणि पान ताटाला टिकून राहते. खरिपातल्या संकरित ज्वारीचे तसे नाही. १९६४ मध्ये पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला आणि धान्य वाढले, पण ताट बुटके झाले. शिवाय खरिपाचा कडबा परतीच्या पावसात सापडला की काळा पडतो. दोन्हींना बाजारात 'ज्वारीचा कडबा' असेच नाव आहे. दोन्ही एका भावाने घेणाऱ्याने एकाच्या पैशात दुसरा पदरात पाडून घेतला, एवढेच म्हणता येईल.

त्यात ज्वारीचे क्षेत्रच आटत चालले आहे. १९९० च्या सुमारास राज्यात ज्वारी ६० लाख हेक्टरांच्या घरात होती, आज तिचा अर्धाही पेरा उरलेला नाही. तिची जागा पुष्कळ ठिकाणी सोयाबीन आणि मक्याने घेतली. चांगला कडबा आता दुर्मीळ माल होत चालला आहे. दुर्मीळ मालात भेसळ आणि नावाची अदलाबदल नेहमी वाढते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको.

बाजरीचे सरमाड कडब्यापेक्षा खरखरीत असते आणि जनावर ते नाखुषीने खाते. ते नेहमी कापूनच घालावे आणि त्याचा भाव कडब्याच्या बरोबरीने कधीच देऊ नये. मक्याचा कडबा त्या मानाने मऊ आहे, पण त्याचे ताट जाड आणि आत भेंड असते. वरून खडखडीत वाटले तरी आत ओल राहते आणि गंजीत बुरशी धरते. मक्याची गाडी घेताना मधले दोन ताट मोडून आतला भाग बोटाने दाबून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

गव्हाचा भुसा मळणीयंत्रातून बारीक होऊन येतो म्हणून शहरातल्या तबेल्यांना सोयीचा वाटतो. जागा कमी लागते आणि कापायची कटकट नसते. पण नुसत्या भुशावर दुभते जनावर जगते, दूध देत नाही. शिवाय भुशात माती, धूळ आणि कधीकधी खिळे-तारांचे तुकडे असतात.

भाताच्या पेंढ्याचा स्वभाव आणखी निराळा. त्यात वाळूच्या जातीचा खनिज अंश, म्हणजे सिलिका, फार असतो आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य जनावराच्या अंगातला चुना अडवते. म्हणून पेंढ्यावरच्या जनावराला खनिज मिश्रण दिलेच पाहिजे. एक गंमत पाहण्यासारखी आहे. इतर काडांमध्ये पान चांगले आणि ताट हलके, पण भातात पानापेक्षा काडी जास्त पचते. तेव्हा कडबा पारखण्याची नजर पेंढ्याला जशीच्या तशी लावून चालत नाही. कोकणात या पेंढ्याला दुसरेही गिऱ्हाईक आहे. आंब्याची अढी घालायला आणि पेट्या भरायला तो लागतो, म्हणून आंब्याच्या दिवसांत त्याचा भाव जनावरांच्या गरजेवर ठरत नाही. तबेलेवाल्याने त्याची खरेदी त्याआधीच उरकावी हे बरे.

सोयाबीनच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिने भरपूर म्हणून भुसकटही सकस असेल असे लोक धरून चालतात आणि विकणारेही तसेच सांगतात. प्रत्यक्षात पीक पक्व होता होता पाने गळून शेतात पडतात. मळणीनंतर उरते ते कडक खोड आणि शेंगांची टरफले. त्यातली प्रथिने पाच टक्क्यांच्या आसपासच असतात आणि खोडाचा भाग जनावराला नीट पचत नाही. टरफलांचा भाग जास्त असेल तर माल बरा, काटक्या जास्त असतील तर तो चुलीचा माल समजावा. याउलट तुरीच्या भुसकटात पाला आणि शेंगांची साले असली, तर शेळ्या त्यावर अक्षरशः तुटून पडतात.

डोंगरी गवतातही मारवेल आणि पवन्या ही चांगली गवते, तर कुसळी हे त्रासाचे. कुसळीची अणकुचीदार कुसे जनावराच्या तोंडात रुततात. ठाणे-पालघर पट्ट्यातले वाळके गवत वखारींतून गठ्ठे बांधून पिढ्यानपिढ्या मुंबईच्या तबेल्यांकडे गेले आहे. या व्यापारात मुख्य गोष्ट कापणीच्या दिवसांची आहे. फुलावर असताना कापलेले गवत हिरवट राहते, त्याला वास असतो आणि जनावर ते चवीने खाते. तेच गवत बी झडल्यावर उन्हात उभे वाळले की त्याची किंमत पेंढ्याहून जास्त राहत नाही. दोन्हींचे गठ्ठे बाहेरून सारखेच दिसतात. गठ्ठ्याची दोरी सोडून मधला झुपका बाहेर काढणे हाच एक उपाय.

पेंढी मोजू नका, तोलून पाहा

आता मापाविषयी. कडब्याची पेंढी बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. एक किलोचीही असते आणि दोन किलोचीही. समजा, एकाने शेकडा २,००० रुपये भाव सांगितला आणि पेंढी ११०० ग्रॅम भरली. म्हणजे ११० किलोंचे २,००० रुपये, किलोला १८ रुपयांहून जास्त पडले. दुसऱ्याने २,२०० रुपये सांगितले आणि पेंढी १८०० ग्रॅम भरली. म्हणजे १८० किलोंचे २,२०० रुपये, किलोला सव्वाबारा रुपयांच्या आत. महाग सांगणारा येथे स्वस्त निघाला. पण अड्ड्यावर गर्दी पहिल्याकडे होते आणि दुसरा पुढच्या वर्षी पेंढी लहान बांधायला शिकतो. शेकड्याचा रिवाज असा चांगल्या माणसालाही बिघडवतो.

वजन केले म्हणजे सगळे झाले असेही नाही, कारण काटा पाणीही तोलतो. नीट वाळलेल्या चाऱ्यात सुमारे १० टक्के पाणी असते. घाईने भरलेल्या किंवा वरून पाणी शिंपडलेल्या मालात ते २५ टक्क्यांवर जाऊ शकते. दहा टनांच्या गाडीत पहिल्या प्रकारात ९ टन कोरडा माल येतो, दुसऱ्यात साडेसात टन. दीड टनाची तूट पडली. भाव किलोला ८ रुपये धरला, तर नीट वाळलेल्या मालाच्या हिशेबाने एका गाडीमागे सुमारे १३,३०० रुपये पाण्यात गेले. शिवाय तो ओला माल गंजीत तापतो आणि कुजतो. फार ओला चारा दाबून रचला तर आतल्या आत तापून पेट घेतो, ही ऐकीव गोष्ट नाही. गंजीत हात घालून ऊब लागली तर ती त्याच दिवशी फोडावी.

ओल पाहण्यासाठी यंत्राची गरज नाही. मूठभर काडी पिळली आणि ती तुटण्याऐवजी नुसती वाकली, तर माल ओला. तोंडाजवळ नेऊन कोंदट वास आला तर जुना ओला. पक्की खात्री हवी असेल तर एक किलो नमुना तोलून कडक उन्हात दोन दिवस पातळ पसरावा आणि पुन्हा तोलावा. जेवढे वजन घटले तेवढे पाण्याचे पैसे.

बाजाराला पारख असते

"गिऱ्हाइकाला एवढे कुठे कळते?" असे काही व्यापारी म्हणतील. याला उत्तर हैदराबादच्या बाजाराने दिले आहे. इक्रिसॅट आणि आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी २००४-०५ मध्ये तेथील चारा व्यापाऱ्यांकडून दर महिन्याला ज्वारीच्या कडब्याचे नमुने घेतले, भाव लिहून ठेवले आणि प्रयोगशाळेत पचनीयता तपासली. सर्वांत हलका कडबा सुमारे ४७ टक्के पचत होता आणि सर्वांत चांगला सुमारे ५२ टक्के. फरक अवघ्या पाच टक्क्यांचा, पण भावातला फरक पाव हिश्श्याहून कमी नव्हता. तेथील तबेलेवाल्यांकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे डोळे, हात आणि दुधाचे माप होते. कोणत्या कडब्यावर दूध वाढते हे त्यांना ठाऊक होते आणि त्यासाठी ते जास्त पैसे मोजत होते.

म्हणजे चांगल्या मालाला चांगला भाव मिळतो, फक्त तो माल वेगळा काढून, नाव सांगून विकावा लागतो. चांगला आणि हलका एकत्र करून 'सरासरी' भावाने विकणारा व्यापारी आपल्याच चांगल्या मालाचे पैसे बुडवत असतो.

जनावर पाहून चारा

जातीचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. सगळ्या जनावरांचे पोट सारखे नसते.

५०० किलोंच्या म्हशीला दिवसाला १२ ते १५ किलो कोरडा माल लागतो, चारा आणि खुराक मिळून. ती जाड काड सर्वांत चांगले पचवते. तिला कडब्याची कुट्टी, थोडे शेंगवर्गाचे भुसकट आणि हिरवे मिळाले की पेंडीचा खर्च आवाक्यात राहतो.

शेळी ही झाडपाला खुडून खाणारी जात आहे. उस्मानाबादी असो की राजस्थानातून आलेला सिरोही, बकरा तोंडाने निवडून निवडून खातो. त्याच्यापुढे जाड कडबा टाकला तर पाने खाऊन ताटे तुडवतो आणि निम्मा माल खतात जातो. त्याला तूर, हरभरा, भुईमूग यांचा पाला आणि भुसकट हवे. बकरी ईदसाठी जे बांधव महिना-दोन महिने आधी जनावरे घेऊन ठेवतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट थेट नफ्या-तोट्याची आहे. नुसत्या गव्हाच्या भुशावर ठेवलेला बकरा देवनारला पोचेपर्यंत वजन घटवून बसतो. मग शेवटच्या आठवड्यात घाईने धान्य चारले जाते. पोटात आंब धरून जनावर आडवे होते आणि ज्याच्यावर सर्वांत जास्त खर्च केला तेच हातचे जाते. चारा बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलावा. लांबून आणलेल्या जनावराच्या सवयीचा चारा कोणता, हे विकणाऱ्याला विचारून घ्यावे आणि पहिले काही दिवस तोच घालावा.

घोडा रवंथ करीत नाही. हलके काड त्याच्या कामाचे नाही आणि बुरशी तर त्याला अजिबात सोसत नाही, लगेच पोटशूळ उठतो. घोड्याला चांगले गवत आणि बेताने वाळका लसूणघास द्यावा. येथे स्वस्ताई शोधणाऱ्याचा घोडा ऐन लग्नसराईत बसतो.

कुट्टी आणि बुरशी

अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली तर पाव ते तिसरा हिस्सा चारा सहज वाया जातो. कुट्टी केली तर ही नासाडी बरीच थांबते, म्हणून कुट्टी करावीच. ती इंच-दीड इंच लांबीची असावी. पीठ करू नये, नाहीतर रवंथ कमी होऊन दुधातली चरबी घटते. आपल्या कारागीर बांधवांसाठी येथे काम आहे. पात्याची धार गेली की यंत्र चारा कापत नाही, तो पिचतो. धार लावणे, पाती बदलणे, यंत्राच्या तोंडाला हात अडकू नये अशी संरक्षक जाळी बसवणे आणि तारा-खिळे पकडणारे लोहचुंबक लावणे, ही कामे ठरावीक मोबदल्यात गावोगाव फिरून करता येतात. चाऱ्यातून गेलेली तार म्हशीच्या पोटातून थेट काळजापर्यंत टोचते. एका चुंबकाच्या किमतीत एक म्हैस वाचू शकते.

पण तयार कुट्टी विकत घेताना सावध राहिले पाहिजे. कापल्यावर मालदांडी कोणती, सरमाड कोणते आणि मागच्या सालचा काळा कडबा कोणता, हे ओळखणे अवघड होते. तयार कुट्टी विकणाऱ्याने पोत्यावर मालाचे नाव लिहावे. लिहीत नसेल तर अख्खा माल घेऊन तो आपल्यासमोर कापून घ्यावा.

बुरशीला तर माफी नाहीच. बुरशीच्या चाऱ्या-खुराकातून अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटात गेले की त्याचा अंश दुधात उतरतो. भारतात दुधातल्या या अंशाची, अफ्लाटॉक्सिन एम-१ ची, मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि उकळल्याने तो नाहीसा होत नाही. बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्याने म्हशींची शेपटी, कान आणि खूर सडतात. भारत-पाकिस्तानच्या भातपट्ट्यात हा रोग 'देगनाला' नावाने ओळखला जातो. काळा पडलेला माल उन्हात झटकून, चांगल्यात मिसळून खपवणे ही हुशारी नव्हे. ते दूध कोणाचे तरी मूल पिणार असते.

व्यापाऱ्यांची हरकत

काही हरकती खऱ्या आहेत आणि त्यांचे उत्तर दिले पाहिजे. पहिली, शेतकरीच शेकड्याने देतो, मग आम्ही काट्याने कसे विकावे? याला सोपी वाट आहे. प्रत्येक गाडीतून वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातल्या मिळून दहा पेंढ्या तोलाव्यात, सरासरी काढावी आणि ती गिऱ्हाइकाला सांगून शेकड्याचा भाव करावा. शेकडा राहिला तरी किलोचा हिशेब समोर आला. हा काटा शेतकऱ्याकडून घेतानाही तसाच लावावा. आपण घेताना शेकडा आणि विकताना किलो, हा सोयीचा इन्साफ झाला. दुसरी हरकत, काट्याचा खर्च. छोट्या गाडीला वजनकाट्यावर नेणे महाग पडते हे खरे, पण दहा पेंढ्या तोलायला टांगता काटा पुरतो. तो शिक्का मारलेला आणि मुदतीत तपासलेला असावा एवढेच.

तिसरी हरकत जास्त गंभीर आहे: दुष्काळात निवड करायला माल असतो कुठे? १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांना आठवतो, २०१३, २०१६ आणि २०१९ मधल्या चारा छावण्या तर कालपरवाच्या. त्या दिवसांत मिळेल ते घ्यावे लागते हे मान्य. पण जात माहीत असण्याची खरी गरज तेव्हाच असते. हलका पेंढा किंवा भुसाच मिळत असेल, तर १०० किलोंवर ४ किलो युरिया साधारण ५० लिटर पाण्यात विरघळवून थरावर थर सारखा शिंपडावा. मग ताडपत्रीने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवला, तर त्यातली प्रथिने जवळपास दुप्पट होतात. उघडल्यावर वास जाऊ द्यावा आणि मगच घालावा. घोड्याला आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये, आणि पाण्यात विरघळलेला युरिया जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नये, त्याने जनावर दगावते. प्रमाण एकदा पशुवैद्याकडून समजून घ्यावे. ही प्रक्रिया हलक्या काडासाठी आहे. ती चांगल्या कडब्यावर किंवा लसूणघासावर कोणी करीत बसत नाही. म्हणजे आपल्याकडे काय आले आहे हे आधी कळले पाहिजे.

तर मग काय करावे?

आडत्यांनी आपापल्या अड्ड्यावर एक फळा लावावा. त्यावर मालाचे नाव, हंगाम, नवा की मागच्या सालचा, पेंढीचे सरासरी वजन आणि किलोला पडणारा भाव एवढ्या पाच गोष्टी रोज खडूने लिहाव्यात. खर्च काहीच नाही. गल्लीतल्या चार-पाच तबेलेवाल्यांनी मिळून गाडी घ्यावी, म्हणजे काट्याचा खर्च वाटला जाईल आणि नमुना पाहणारे डोळेही वाढतील. खरेदी पिकाच्या हंगामात करावी: रब्बीचा कडबा मार्च-एप्रिलच्या आसपास, गवत दिवाळीच्या पुढे-मागे. पावसाळा तोंडावर आल्यावर जो बाजारात उभा राहतो, त्याला जात निवडायला मिळत नाही.

मापात खोट करू नये ही शिकवण आपल्याकडे कोणाला नवीन नाही. पण माप म्हणजे फक्त काट्याची दांडी नव्हे. मक्याला कडबा म्हणून विकणे, काटक्यांना भुसकट म्हणणे, पाण्याला चाऱ्याच्या भावाने तोलणे ही सुद्धा मापातलीच खोट आहे. मुके जनावर तक्रार करीत नाही. संध्याकाळी चरवीत दूध कमी पडते, तेव्हा हिशेब मालकापर्यंत पोचतो आणि पुढच्या हंगामात तो मालक दुसऱ्या अड्ड्यावर दिसतो. ज्या आडत्याच्या फळ्यावर नाव आणि वजन खरे असेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक घासाघीस न करता येईल. धंद्यातली बरकत याहून वेगळी काय असते?